धनाचे चार वाटे



पौर्णिमेची वंदना झाली म्हणजे आपण पंचशीलाविषयी बोलतो, मैत्री-करुणेविषयी बोलतो. आज मी पैशाविषयी बोलणार आहे. धम्माच्या पानावर पैशाचे काय काम, असे कोणी म्हणेल. त्यांना माझे उत्तर एकच : तथागतांनी गृहस्थाला उपाशी पोटी धम्म सांगितला नाही, आणि कर्जात बुडालेल्या घराला शांती लाभेल असेही कधी म्हटले नाही.

हा विषय मला एका मातेने दिला. नीरेच्या खोऱ्यातल्या एका वस्तीवर मी परित्राणपाठासाठी गेलो होतो. पाठ संपला, खिरीची वाटी हातात आली, आणि घरची माऊली हळूच म्हणाली, "गुरुजी, पोरीचं लगीन तर आपन धम्मानं लावलं. बामन नाय, हुंडा नाय, मुहूर्त नाय. मंग घरात हे दुःख कुठनं आलं?"

ते लग्न मीच लावले होते. पांढऱ्या वस्त्रावर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, दोन मेणबत्त्या, फुलांचे दोन हार, त्रिशरण-पंचशील, जयमंगल गाथा. विधीचा सारा खर्च हजार रुपयांच्या आत. परंतु विधीच्या बाहेर काय होते? हळदीच्या रात्री डीजे, दारात मोठा मांडव, बाराशे पानांचे जेवण, मानपानाची लुगडी-टोप्या. त्यासाठी दोन लाख रुपये शेकडा तीनने काढलेले. मी त्या मांडवात जेवलो, वधूवरांस आशीर्वाद दिले आणि घरी आलो. खर्च कोठून केला, हे मी विचारले नाही. मला धम्म सांगण्याचा मान मिळाला होता, पण त्या दिवशी मी माझे काम अर्धेच केले. ही माझी चूक आहे, आणि ती तुमच्यापुढे कबूल करूनच मी पुढे बोलतो.

शेकडा तीन म्हणजे काय, याचा हिशेब मांडा. दोन लाखांवर महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार. म्हणजे वर्षाचा दर ३६ टक्के. चौतीस महिने व्याज भरले की २ लाख ४ हजार रुपये जातात, मुद्दलाहून अधिक. आणि मुद्दल जागच्या जागी, तसेच दोन लाख! त्या घरचा मुलगा बारावी झालेला, पदविकेला त्याचा नंबर लागलेला. तो शिकायला गेला नाही. व्याज भरण्यासाठी शिरवळच्या बाजूला कंत्राटी कामावर गेला. बहिणीच्या लग्नातला एका रात्रीचा डीजे भावाच्या शिक्षणावर वाजला. माऊलीचे दुःख तेथून आले होते.

आता तथागत काय सांगतात ते पाहू.

अंगुत्तर निकायात ऋणावर एक सुत्त आहे. त्यात तथागत भिक्खूंना एक साखळी दाखवितात. गरिबी हे संसारी माणसाचे दुःख. गरीब माणूस ऋण काढतो, ते दुःख. ऋणावर व्याज चढते, ते दुःख. व्याज थकले की तगादा येतो, ते दुःख. तगाद्याला तोंड देता आले नाही की सावकाराची माणसे पाठीस लागतात, ते दुःख. आणि शेवटी बंधन. शीलाविना जगणाऱ्या माणसाची दशा समजावून देण्यासाठी तथागतांनी हा दाखला घेतला आहे. पण दाखला किती खरा! अडीच हजार वर्षांत त्यातली एकही कडी बदललेली नाही. पूर्वी सावकाराचा माणूस दारात बसे. आता मोबाईलवरचे कर्जाचे ॲप तुमच्या फोनमधल्या सगळ्या नातलगांना फोन लावते. तगादा तोच आहे.

दुसऱ्या एका सुत्तात तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. कष्टाने आणि न्यायाने मिळविलेले धन आपल्याजवळ आहे, हे अत्थिसुख. त्या धनाचा उपभोग घेता येतो आणि त्यातून पुण्यकर्म करता येते, हे भोगसुख. कोणाचे थोडे वा फार देणे नाही, हे अनणसुख. आणि काया-वाचा-मनाने निर्दोष जगणे, हे अनवज्जसुख. यातले शेवटचे सर्वांत श्रेष्ठ, हे खरेच. परंतु तिसऱ्याकडेही पाहा : ऋण नसणे हे तथागतांनी स्वतंत्र सुख म्हणून मोजले आहे.

आपल्या वाडवडिलांना हे सुख ठाऊक नव्हते, आणि तो त्यांचा दोष नव्हता. वतनदारीत त्यांना मजुरी रोख मिळत नसे. खळ्यावर उभे राहून बलुत्याचे धान्य घ्यायचे, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. ज्याच्या हाती नाणेच येत नाही तो शिल्लक काय टाकणार ? बाबासाहेबांनी हे ओळखले होते, म्हणूनच ते वतनाविरुद्ध वर्षानुवर्षे लढले. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यात ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. म्हणजे आपल्या हाती रोख मिळकत येऊन दोन-तीन पिढ्याच झाल्या आहेत. पैसा मिळवायला आपण शिकलो. पैसा राखायला शिकणे अजून बाकी आहे.

हे राखणे कसे असते, याचा दाखला बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले होते. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये, त्या काळी मोठा. तरीही ते चाळीतच राहिले, आणि माता रमाईंनी काटकसरीने संसार चालविला. अशी शिल्लक जमली; तिच्यात शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे पाच हजारांचे कर्ज पडले; आणि १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. तेथून ते बॅरिस्टर होऊन आले, आणि डी.एस्सी.ही त्यांनी मिळविली. १९२३ साली त्यांचा 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

यात आपल्यासाठी काय आहे ते नीट पाहा. बाबासाहेबांनीही कर्ज काढले. तेव्हा कर्ज काढणे हेच पाप, असे मी म्हणत नाही. पण ते कर्ज शिक्षणासाठी होते, मित्राकडचे होते, आणि त्याच्या जोडीला आधी स्वतःची शिल्लक होती. जे कर्ज उद्याची मिळकत वाढविते ते बियाण्यासारखे असते. जे कर्ज एका रात्रीत वाजून संपते ते टोळधाडीसारखे असते.

आता सिगालाची गोष्ट घ्या. राजगृहाचा हा तरुण बापाच्या शब्दाखातर रोज पहाटे ओलेत्याने सहा दिशांना हात जोडीत असे. तथागतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ दिला : पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खाली सेवक-कामकरी आणि वर श्रमण. यांच्याशी नीट वागणे हेच दिशांचे पूजन. त्याच उपदेशात धन नासण्याच्या सहा वाटाही सांगितल्या आहेत. नशापाणी, अवेळी रस्त्यावर भटकणे, सदा तमाशे-खेळांत रमणे, जुगार, वाईट संगत आणि आळस. आपल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. रोज शंभर रुपयांची पिणारा माणूस वर्षाला छत्तीस हजार पाचशे रुपये ओततो. जुगाराचे म्हणाल तर पत्त्यांचा अड्डा आता खिशातल्या मोबाईलमध्ये आला. पैसे लावण्याच्या ऑनलाईन खेळांनी इतकी घरे बसविली की २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेला त्यांच्यावर बंदीचा कायदा करावा लागला. आपल्याला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

याच सुत्तात तथागत म्हणतात की मधमाशी जसा कणाकणाने मध गोळा करते आणि वारूळ जसे मातीच्या कणाने वाढते, तसे शहाण्या गृहस्थाचे धन वाढते. आणि त्या धनाचे चार वाटे करावेत : एक वाटा उपभोगास, दोन वाटे उद्योगात, आणि चौथा वाटा आपत्तीसाठी राखून ठेवावा.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, महिन्याचे पंधरा हजार येतात, त्यांत घरच चालत नाही, चार वाटे कसले करता ?" तुमचे म्हणणे बरोबर आहे. हे माप गृहपतीच्या मुलाला सांगितलेले आहे. मजुरी करणाऱ्याला चौथा हिस्सा बाजूला काढणे जमणार नाही. पण वाट्यांचा अर्थ आपल्यालाही लागू आहे. उद्योगाचे दोन वाटे म्हणजे आपल्यासाठी मुलांचे शिक्षण, शेतीची अवजारे, शिलाई यंत्र, हातातले कौशल्य. आपत्तीचा वाटा म्हणजे शिल्लक आणि विमा. वाटा लहान असो. तो आधी काढायचा. महिनाअखेर उरले तर टाकू म्हणणाऱ्याचे कधीच उरत नाही.

भाटघरचे धरण तुम्ही सारे पाहता. हे धरण वेळवंडी नदीवरचे आहे. पाऊस पडतो आपल्या भोरच्या डोंगरांत, तोही चारच महिने. पण पाणी अडवून ठेवले म्हणून नीरेच्या कालव्यांनी ते बारामतीकडे, फलटण-माळशिरसकडे जाते आणि तिथला ऊस भर उन्हाळ्यात हिरवा राहतो. पाऊस ज्याच्या अंगणात पडला तो सुखी होतो असे नाही. ज्याने पाणी अडविले तो होतो. दीघजाणु कोलियाला तथागतांनी हाच दाखला दिला होता. तळ्याला पाणी येण्याच्या चार वाटा आहेत आणि जाण्याच्या चार. येणाऱ्या बंद केल्या, जाणाऱ्या उघड्या ठेवल्या आणि पाऊसही नीट झाला नाही, तर तळे आटणारच.

त्या दीघजाणूने प्रांजळपणे म्हटले होते की आम्ही संसारी, मुलाबाळांत राहणारे माणसे आहोत. आम्हांला झेपेल असे सांगा. तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसम्पदा : आपल्या कामात उद्योगी व निपुण असणे. आरक्खसम्पदा : मिळविलेले राखणे. कल्याणमित्तता : सज्जनांची संगत. आणि समजीविता : आय पाहून व्यय करणे, तराजूचे पारडे पाहावे तसे. ज्याची आय थोडी आणि खर्च मोठा, तो उंबर खाणाऱ्यासारखा, असे तेथे म्हटले आहे. उंबराचे झाड कोणी गदागदा हलविले तर खातो चार फळे आणि नासतात शंभर. पण असूनही पोटाला न खाणाऱ्या कंजुषालाही तथागतांनी दोष दिला आहे. घरातल्या आजाऱ्याला औषध न देता पैसे पुरणे ही काटकसर नव्हे.

आता या चार सम्पदा आजच्या घरात कशा आणाव्या ते सांगतो. ऐका, आणि घरातल्या स्त्रियांनाही जवळ बसवून वाचून दाखवा.

पहिली गोष्ट वही. दोन रुपयांचा चहासुद्धा तीत लिहा. तीन महिने लिहिलेत की पाणी कोणत्या वाटेने जाते ते दिसेल.

दुसरी गोष्ट ऋण. महागडे कर्ज डोक्यावर असता ठेव ठेवू नका. ३६ टक्क्यांचे कर्ज फेडणे हीच सर्वांत मोठी कमाई. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. सावकाराला परवाना लागतो आणि व्याजाचा दर सरकार ठरविते. परवाना नसलेल्याच्या कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नका. गटकर्ज देणाऱ्या कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेने २०२२ साली मर्यादा घातली : घरच्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाता कामा नये. दोन कंपन्यांचे हप्ते भरण्यासाठी तिसरीचे कर्ज घेणारी घरे मी पाहतो, म्हणून हे सांगतो.

तिसरी गोष्ट शिल्लक. रोज वीस रुपये, महिन्याचे सहाशे, टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत पाच वर्षे टाका. भरले छत्तीस हजार. २०२५ मधल्या ६.७ टक्के दराने हाती येतात सुमारे ४२ हजार ८०० रुपये. निदान तीन महिन्यांचा घरखर्च असा बाजूस असला, तर आजारपणात सावकाराचे दार दिसत नाही. बायकांनी बचत गट धरावा. गटात व्याज दिले तरी ते आपल्याच बायांच्या पेटीत राहते.

चौथी गोष्ट विमा. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विमा सरकारच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला आपल्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे सक्तीचे असावे, असे मांडले. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, आपण दीक्षा घेतली. सक्ती झाली नाही. परंतु बाबासाहेबांचा शब्द आपल्याला सक्तीहून मोठा असावा. २०१५ पासून बँकेत दोन साध्या योजना आहेत. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा, आणि १८ ते ५० वयाच्यांना वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा. कर्त्या माणसाचा विमा उतरल्याशिवाय घराला नवा रंग देऊ नका.

पाचवी गोष्ट मुलांचे शिक्षण. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळालेल्यांना स्वाधार योजना आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतीही लागू झाल्या. धंद्यासाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. दाखले वेळेवर काढा. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे टपाल कार्यालयात सुकन्या समृद्धी खाते वर्षाला अडीचशे रुपयांपासून चालते, आणि अठराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी त्यातली निम्मी रक्कम काढता येते. ही रक्कम मुलीच्या मांडवासाठी नसून तिच्या पदवीसाठी आहे, हे आजच ठरवा. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना हेच बजावले होते : मुलांची लग्ने घाईने उरकू नका, लग्न ही जबाबदारी आहे.

सहावी गोष्ट ठेवीची सुरक्षितता. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ साली रद्द झाला तेव्हा लहान ठेवीदारांना याच विम्याचा आधार होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, हे ध्यानात धरून तेथे सर्व पुंजी ठेवू नका. आणि दामदुपटीच्या गोष्टी सांगणारा आला, मग तो आपल्याच समाजाचा असो, जयभीम घालून आलेला असो, त्याला एक प्रश्न विचारा. २०२५ साली सरकारच्या किसान विकास पत्राला पैसे दुप्पट करण्यास ११५ महिने, म्हणजे नऊ वर्षे सात महिने लागत होते. तुझ्याकडे दोन वर्षांत कसे होतात? पीएसीएल या कंपनीने जमिनीच्या नावाखाली देशभरातल्या सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९ हजार कोटींहून अधिक रुपये गोळा केले. २०१४ साली सेबीने ते परत करण्याचा हुकूम दिला, २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती लोढांची समिती नेमली गेली, आणि गरिबांना कागद घेऊन वर्षानुवर्षे थांबावे लागले. वरच्या पाच गोष्टी झाल्यावर हाती काही उरले, आणि दहा वर्षे त्याला हात लावायचा नसेल, तर म्युच्युअल फंडात थोडे टाकावे. तेथे नफ्याची हमी नसते आणि किंमत खालीही येते, हे जाणूनच.

जमिनीविषयी एवढेच. रस्ते रुंद होत आहेत, पुण्याचे दलाल भोरपर्यंत येतात. वतनाच्या जमिनींवर शर्ती असतात. सातबारा काढून, त्यावरील शर्ती जाणत्याकडून वाचून घेतल्याशिवाय व्यवहार करू नका. ज्या जमिनीसाठी आजोबांनी गावकी केली, ती विकून गाडी घेऊ नका.

आणि दान ? १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यास द्यावा असे सांगितले. शंभरातले पाच. तेही द्या. पण कर्ज काढून दान देऊ नका, आणि जयंतीची वर्गणी देण्यासाठी घरातले धान्य विकू नका. मंडळाच्या कार्यकर्त्यांनीही दारात उभे राहून कोणाची ऐपत मोजू नये.

त्या माऊलीला मी काय उत्तर दिले ? मी म्हटले, "बाई, लग्न धम्माने लावले, पण खर्च जुन्याच रीतीने केला. रीत बदलली, देखावा बदलला नाही. दुःख तेथून आले; आणि दुःखाला कारण आहे म्हणजे ते घालविण्याचा मार्गही आहे." ती बचत गटात होती. गटाच्या बँककर्जातून एक लाख महिना एक टक्क्याने मिळाले, तेवढे मुद्दल सावकाराला फेडले. महिन्याला सहा हजारांचे व्याज चार हजारांवर आले. राहिलेले दोन हजार आता मुद्दलात जातात. कर्ज अजून फिटलेले नाही. पण मुलाने यंदा पदविकेचा अर्ज पुन्हा भरला आहे.

मीही एक नियम केला आहे. लग्न ठरवायला कोणी आले की तारखेच्या आधी मी खर्चाचा कागद मागतो. कर्जाचा मांडव असेल तर मी विधीला येत नाही. दोन मेणबत्त्यांचे लग्न असेल तर स्वतःच्या खर्चाने येतो. माझ्यावर दोन घरे रागावली आहेत. रागावू देत.

बंधूंनो, भगिनींनो, येत्या पौर्णिमेला वंदनेस येताना घरचे सर्वजण मिळून हिशेबाची वही घेऊन या. प्रतिमेपुढे मेणबत्ती लावा आणि वहीचे पहिले पान तेथेच लिहा. ज्या घरावर ऋण नाही, ज्या घरातली लेक शिकते आहे, ज्या घरात रात्री तगाद्याच्या भीतीने कोणी जागे राहत नाही, त्या घरात त्रिशरणाचा आवाज स्वच्छ निघतो.

सर्व प्राणिमात्र सुखी होवोत, ऋणमुक्त होवोत. भवतु सब्ब मंगलं ! जयभीम !